निघण्याआधी अक्कलदाढ दाखवून घ्या

नालासोपाऱ्याजवळच्या कळंबहून परदेशी निघणाऱ्या मुलांच्या बॅगेत मसाले, लोणची, गरम कपडे सगळं मोजून भरलं जातं. दात मात्र कुणी तपासून घेत नाही. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, आणि शिकायला बाहेर पडायचं वयही नेमकं तेच. म्हणून बाहेर स्थिरावलेले आम्ही कळंबकर नव्याने येणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो.

जबड्यात जागा अपुरी असली की दाढ अर्धीच वर येते आणि तिच्यावर हिरडीची टोपी राहते. त्या टोपीखाली शितं-कण अडकतात, तिथे ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. मग वरची दाढ प्रत्येक घासाला त्याच सुजेवर आदळते. कान ठणकतो, तोंड दोन बोटंही उघडत नाही.

घरून फोनवर लवंग दाबून धरायला सांगतील. ठणका जरा कमी होईल, पण टोपीखालची घाण तिथेच राहील. लवंगेचं नुसतं तेल किंवा ॲस्पिरिनची पूड हिरडीवर ठेवू नका, हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा आणि दुखलं तरी मऊ ब्रशने ती जागा साफ करत राहा. डॉक्टरही आधी तेच करतात: पिचकारीने टोपीखालची जागा धुतात. अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून रागावू नका. ताप असेल, सूज पसरत असेल किंवा तोंड उघडत नसेल तरच ते देतात. घरून नेलेली गोळ्यांची पट्टी मनाने सुरू करणं तर मुळीच नको.

ब्रिटनमध्ये दाढ लगेच काढत नाहीत. तिथल्या 'नाइस' या संस्थेच्या २००० सालच्या सूचनेप्रमाणे पहिली सूज फार तीव्र नसेल तर शस्त्रक्रिया नाही. पुन्हा सुजली तर विचार करतात. इंग्लंडात शिकणाऱ्यांनी व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार भरलेला असला तरी प्रौढांना दंतोपचाराचे पैसे वेगळे पडतात. एप्रिल २०२५ मध्ये सरकारी आरोग्यसेवेत (एनएचएस) तातडीच्या उपचाराला २७.४० पौंड होते. अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियात आरोग्यविम्यात दात सहसा नसतात, म्हणून कागद नीट वाचा. अमेरिकेत दंत महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खर्च कमी येतो.

गिळता येईना, श्वास अडू लागला किंवा जिभेखाली सूज आली तर दंतवैद्याची वेळ मिळण्याची वाट बघू नका, सरळ रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा. ही सूज गळ्यापर्यंत उतरली तर जिवावर बेतते.

हे सगळं टळावं म्हणून निघण्याच्या निदान दोन महिने आधी ओपीजी काढा; पूर्ण जबडा एकाच एक्स-रेत दिसतो. त्यासाठी नालासोपाऱ्याहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरलं की नायर दंत महाविद्यालयाचं रुग्णालय जवळच आहे. दाढ काढायची ठरली तर जखम भरायला हाताशी वेळ राहील. नाही काढली तरी त्या एक्स-रेची प्रत मोबाइलमध्ये ठेवा आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर तेही सोबत लिहून ठेवा.