वयाची नोंद आणि निगेची वही

मोटारगाडीचे वय कसे मोजावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी निरर्थक वाटेल. नोंदणीपत्रावर तारीख असते. तीपासून वर्षे मोजली की झाले. कायदाही असेच मोजतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे ग्राह्य असते व त्यानंतर तपासणी करून तिचे नूतनीकरण करता येते. दिल्ली व तिच्या भोवतीच्या राजधानी क्षेत्रात मात्र या हिशेबाला फार कठोर रूप आले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ च्या नोव्हेंबरात पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सर्व गाड्यांना आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना या क्षेत्रातील रस्त्यांवर मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच मर्यादांवर शिक्कामोर्तब केले.

या मर्यादेचा सर्वांत मोठा फटका बसला तो ज्यांना आपण आज एसयूव्ही म्हणतो त्या उंच, जड गाड्यांना. कारण त्यांपैकी बहुतेक डिझेलवर चालणाऱ्या. मराठी वाचकाला या गाड्या परक्या नाहीत. १९९८ साली आलेली सफारी पुण्याची, तर २००२ साली आलेली स्कॉर्पिओ नाशिकची. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने दोन हजार घनसेंटिमीटर व त्याहून मोठ्या डिझेल इंजिनांच्या नव्या गाड्यांची राजधानी क्षेत्रातील नोंदणी थांबविली, तेव्हा पुढच्याच महिन्यात १.९९ लिटरचे इंजिन बसविलेली स्कॉर्पिओ बाजारात आली. ऑगस्ट २०१६ मध्ये ती बंदी उठली. त्या आठ महिन्यांत नोंदलेल्या गाड्यांची दहा वर्षे २०२६ च्या आसपास पूर्ण होतात.

मध्यंतरी नियमांचा लंबक बराच हलला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतील पंपांवर मुदत संपलेल्या गाड्यांना इंधन न देण्याचा आदेश अंमलात आला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. १२ ऑगस्टला न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून गाडीमालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले; १७ डिसेंबरला हे संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. राजधानी क्षेत्रात स्टेज चारचे मानक एप्रिल २०१० पासून लागू झाले. म्हणजे न्यायालयाच्या दृष्टीनेही केवळ वर्षांची संख्या हा अखेरचा शब्द राहिला नाही.

या प्रकरणाचा विषय मात्र न्यायनिर्णय नव्हे. या अनिश्चिततेचा गाडीवर जो परिणाम होतो, तो येथे पाहावयाचा आहे. जे घर सहा महिन्यांनी सोडावयाचे त्याच्या भिंतींना भाडेकरू चुना लावीत नाही. आठव्या-नवव्या वर्षी पोचलेल्या गाडीचा मालकही असाच विचार करतो. तेल बदलणे लांबणीवर पडते, गाळणी झटकून पुन्हा बसविली जाते, ब्रेककडे आवाज येईपर्यंत पाहिले जात नाही. जी गाडी तिच्या वयामुळे धुरासाठी बदनाम झाली, ती अखेरच्या दोन वर्षांत खरोखरच तशी होते. हा दोष वर्षांचा जितका, तितकाच सोडून दिलेल्या देखभालीचा आहे.

प्रथम तेलाचा विचार करू. दिल्लीतील कारागीर इंजिनाच्या तेलाला सरसकट ‘मोबिल’ म्हणतो. एका कंपनीचे नाव तेथे वस्तूचे नाव होऊन बसले आहे. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशा स्वरूपाची सूचना असते. पण किलोमीटर हे परिमाण मोकळ्या रस्त्यासाठी योजलेले आहे. ताशी पन्नास किलोमीटरच्या सरासरीने दहा हजार किलोमीटर जाण्यास इंजिन दोनशे तास चालते. ताशी वीसच्या सरासरीने तेच अंतर कापण्यास पाचशे तास लागतात. धौला कुवाँच्या चौकात गाडी उभी असते तेव्हा अंतरमापकाचा काटा हलत नाही, परंतु तेल तापतच असते आणि त्यात काजळी मिसळतच असते. म्हणून गुडगाव ते दिल्ली अशी रोजची ये-जा करणाऱ्या जुन्या डिझेल गाडीचे तेल पुस्तिकेतील अंतराच्या निम्म्यावर बदलणे, यात अतिरेक नाही. पुस्तिका जपून ठेवली असेल तर तिच्यातही खडतर वापरासाठी वेगळी, लहान मुदत दिलेली आढळेल.

दुसरी गोष्ट हवेची. मे-जूनमध्ये राजस्थानकडून येणारी धुळीची आंधी या शहराने पाहिली नाही असे वर्ष विरळा. ती धूळ हवेच्या गाळणीत साचते. डिझेल इंजिनाला हवा कमी पडली की इंधन पुरते जळत नाही आणि मागून काळा धूर येतो. कागदी गाळणी पाण्याने धुऊ नये. आतून बाहेर दाबाची हवा मारावी, आणि कागद काळवंडला असल्यास नवी घालावी. फाटक्या गाळणीतून वाळूचे कण सिलिंडरात गेले तर त्याच्या भिंती घासतात, तेल वर चढून जळू लागते, आणि धूर निळसर होतो. काळ्या धुराचे औषध बहुधा शेकड्यांत मिळते, निळ्याचे हजारांत. पांढरा धूर थंडीच्या सकाळी क्षणभर दिसला तर चिंता नको. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर शीतक द्रव आत झिरपत असण्याची शक्यता तपासावी.

या शीतकाबद्दल एक विशेष सांगावयास हवे. द्वारका, गुडगाव या भागांत कूपनलिकेचे पाणी कमालीचे जड असते. रेडिएटरमधील पातळी कमी दिसली की नळाचे पाणी ओतण्याची सवय अनेकांना आहे. त्या पाण्यातील क्षार नळ्यांच्या आत, चहाच्या भांड्यात बसतो तसा, थर धरतो. आणि पंचेचाळीस अंशांच्या दुपारी इंजिन तापते, तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. ऊर्ध्वपातित पाणी व शीतक यांचे ठरावीक मिश्रणच वापरावे.

सर्वाधिक हयगय होते ती ब्रेकच्या तेलाची, आणि येथे चूक केवळ खर्चिक नसते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. सपाट दिल्लीत याची जाणीव वर्षानुवर्षे होत नाही. मग सुट्टीत तीच गाडी, सहा माणसे आणि छतावर सामान घेऊन, सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील मसुरीला जाते. परतताना चालक गिअरऐवजी ब्रेकवरच भिस्त ठेवून उतरतो. तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचे पेडल एकाएकी मऊ पडून तळाशी जाते. दोन टनांच्या आसपासचे वजन मागून रेटीत असताना हा अनुभव कोणाला येऊ नये. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्याचा खर्च त्या सहलीतील एका जेवणाहून फार अधिक नसतो.

चौकटीवर बांधलेल्या या गाड्यांच्या पोटाखाली आणखी काही जागा आहेत, ज्यांकडे मोटारीला सरावलेल्या कारागिराचे लक्ष जातेच असे नाही: शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याचे सांधे, ज्यांत ग्रीस भरावे लागते, मागच्या धुरीवरील पेटीतले तेल, चारही चाकांना गती देणारी यंत्रणा असल्यास तिच्या पेटीतले वेगळे तेल. डिझेलच्या गाळणीत साचणारे पाणी तळाचा स्क्रू ढिला करून काढावे लागते. ज्या इंजिनात साखळीऐवजी रबरी टायमिंग पट्टा असतो, तेथे तो वेळेवर बदलावाच. तुटल्यास झडपा वाकतात. सुट्या भागांसाठी काश्मिरी गेटचा बाजार सर्वज्ञात आहे, आणि तेथील स्वस्त नकलाही. आरसा किंवा दाराची मूठ जुन्या बाजारातून घ्यावी. ब्रेकचे भाग कधीही घेऊ नयेत.

हिवाळ्यात हवा अतिशय बिघडली की काही मानकांच्या गाड्यांवर तात्पुरती बंदी येते, आणि गाडी कित्येक दिवस उभी राहते. उभी गाडीही झिजते. बॅटरी उतरते, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरतो, टायर एकाच जागी दबतात. टायरमध्ये हवा नीट ठेवावी, बॅटरीची ऋण तार सोडावी, आणि आवारातल्या आवारात चार हात पुढे-मागे करावी.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. निगा राखल्याने गाडी आपल्या मूळ दर्जावर राहते. त्याच्या वर जात नाही. स्टेज तीनचे इंजिन कितीही जपले तरी स्टेज सहाचे होत नाही. प्रदूषण तपासणीच्या केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची केवळ घनता मोजतात: स्टेज चारपूर्वीच्या गाडीला ६५ एककांपर्यंत, स्टेज चारला ५० पर्यंत मुभा असते. अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनची संयुगे त्या नळीत मोजली जात नाहीत. तेव्हा प्रमाणपत्र हाती आहे म्हणून गाडी निर्दोष आहे, असा दावा मालकाने करू नये. आणि वर्षे भरली म्हणून ती सदोषच आहे, असे नियमानेही गृहीत धरू नये. दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष गाडी उभी असते, आणि ती तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणत्या प्रतीचे, किती पैसे, एवढे पाच रकाने पुरेत. शक्य असल्यास सहाव्या रकान्यात धुराच्या तपासणीचा आकडा लिहावा. तो दरवेळी थोडा थोडा चढू लागला, तर डोळ्यांना धूर दिसण्यापूर्वीच गाळणी अथवा इंधन फवारणारे नोझल तपासण्याची वेळ आली हे कळते. राजधानी क्षेत्रातील पुष्कळ जुन्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकल्या जातात. तसे करावयाचे झाल्यास ही वही नव्या मालकाच्या हाती द्यावी. आणि घेणाऱ्याने रंगरंगोटी पाहण्यापूर्वी ती मागून घ्यावी.