सहवीजनिर्मितीचे गणित : साखर कारखान्यातील वाफेचे मोल

उसाचे गाळप झाल्यावर उरणारे चिपाड, म्हणजेच बगॅस, हे साखर कारखान्याचे घरचे इंधन होय. ते बॉयलरमध्ये जाळून तयार होणारी उच्च दाबाची वाफ प्रथम टर्बाइन फिरवून वीज देते आणि नंतर कमी दाबाने रस तापविण्यास व आटविण्यास उपयोगी पडते. एकाच इंधनापासून वीज व उष्णता ही दोन्ही कामे साधण्याच्या या पद्धतीस सहवीजनिर्मिती म्हणतात. इंधन घरचे असल्यामुळे वाफ फुकट मिळते, असा समज अनेकदा आढळतो. नियोजनाचे गणित मांडले असता तो टिकत नाही.

वाफेच्या दोन वाटा

उदाहरणादाखल ताशी १०० टन ऊस गाळणारा कारखाना घेऊ. उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघते. एक टन बगॅसपासून २.२ टन वाफ धरल्यास ताशी ६६ टन वाफ मिळेल. टर्बाइनमधून मध्येच काढून रसाकडे पाठविलेली एक टन वाफ १५० युनिट वीज देते, तर शेवटपर्यंत नेऊन कंडेन्सरमध्ये थंड केलेली वाफ २५० युनिट देते, असे मानू. हे आकडे यंत्रसामग्रीनुसार बदलतात.

साखर प्रक्रियेस ४५ टन वाफ लागत असेल, तर त्यापासून ६,७५० युनिट व उरलेल्या २१ टनांपासून ५,२५० युनिट, अशी एकूण १२,००० युनिट वीज मिळेल. प्रक्रियेची गरज ४० टनांवर आणल्यास हीच बेरीज १२,५०० होते. याचा अर्थ असा की, प्रक्रियेस लागणाऱ्या प्रत्येक टन वाफेमागे १०० युनिट विजेचा त्याग करावा लागतो. हेच वाफेचे खरे मोल होय. गळक्या झडपा किंवा उघड्या वाफनळ्या यांमुळे काय गमावले जाते, ते या आकड्यावरून कळते.

प्रतिमानाची मांडणी

अशा प्रश्नांसाठी रेषीय कार्यक्रमण, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग, ही पद्धती वापरतात. रशियन गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये तिचा पाया घातला. अमेरिकेतील जॉर्ज डॅन्ट्झिग यांनी १९४७ मध्ये ती सोडविण्याची सिम्प्लेक्स रीत दिली. प्रतिमानाचे तीन भाग असतात. कोणत्या वाटेने किती वाफ न्यावी आणि किती बगॅस साठवावी, ही अज्ञात राशी. बॉयलरची क्षमता, टर्बाइनच्या मर्यादा, साठवणुकीची जागा व प्रक्रियेची गरज, ही बंधने. आणि वीजविक्रीच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता राहणारी रक्कम अधिकात अधिक करणे, हे उद्दिष्ट. बॉयलर चालू ठेवावा की बंद, असा प्रश्न आल्यास पूर्णांकांची जोड द्यावी लागते.

आज जाळावे की साठवावे ?

वरील २१ टन वाफेसाठी लागणारी सुमारे साडेनऊ टन बगॅस गळीत हंगामानंतर जाळता येईल. परंतु साठवणुकीत बगॅस कुजते व उडूनही जाते. ही घट १० टक्के धरल्यास ५,२५० युनिटऐवजी ४,७२५ युनिटच हाती येतील. म्हणून बिगरहंगामातील विजेचा दर हंगामातील दरापेक्षा ११ टक्क्यांहून अधिक असेल, तरच साठवण परवडेल. हाताळणीचा व आगीपासून संरक्षणाचा खर्च धरल्यास ही मर्यादा आणखी वाढते.

गणिताची मर्यादा

प्रतिमानाचे उत्तर हे त्यास पुरविलेल्या मोजमापाइतकेच विश्वासार्ह असते. वाफेचे मापकयंत्र नादुरुस्त असेल, अथवा बगॅसमधील ओलावा अंदाजाने लिहिला जात असेल, तर उत्तम संगणकही दिशाभूलच करील. तसेच, उद्दिष्ट कोणते असावे हे यंत्र ठरवीत नाही. सहकारी कारखान्यात तो अधिकार सभासदांचा आहे, कारण वाचलेल्या युनिटांचे उत्पन्न अखेरीस ऊसदर देण्याच्या ऐपतीशी निगडित असते. वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाने तीन आकडे अवश्य विचारावेत : एक टन उसामागे किती वाफ लागली, किती वीज निर्माण झाली आणि किती बगॅस शिल्लक राहिली. शाळेतील विद्यार्थ्यांनाही हे त्रैराशिक सहज करता येईल. ज्या गावास आपल्या वाफेचे मोल कळते, त्या गावाच्या कारखान्यात ती वाया जाणे कठीण होते.