तलावांतील मासे : पीक घ्यावें, बियाणें राखावें

शेतकरी बंधूंस सांगावयास नको कीं, पेरणीसाठीं राखलेलें बियाणें जो खातो त्याचें शेत पुढील सालीं ओस पडतें. हाच नियम तलावांतील माशांसही लागू आहे. परंतु पाण्याखालचा सांठा डोळ्यांस दिसत नसल्यामुळें आपणांस त्याचा विसर पडतो. अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत रेड लेक म्हणून तलाव आहे, त्याची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे.

हा तलाव विस्तारानें सुमारें २ लाख ८८ हजार एकर आहे. त्याचा बहुतेक भाग तेथील ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या ताब्यांत असून थोडा संस्थानाकडे आहे. १९१७ सालीं, पहिल्या महायुद्धांत, अन्नपुरवठ्यासाठीं येथें व्यापारी मासेमारी सुरू झाली. वॉलआय हा तेथील मोलाचा मासा. उपजेहून उचल अधिक होत गेली आणि १९९५ च्या सुमारास सांठा ढांसळला. १९९७ सालीं मूळ रहिवाशांनीं आपण होऊन व १९९९ सालीं संस्थानानें त्याची मासेमारी बंद केली. पुढें १९९९, २००१ व २००३ या तीन सालीं मिळून सुमारें १० कोटी पिलें सोडण्यांत आलीं, तेव्हां कोठें २००६ सालीं बंदी उठली.

या अवधींत दुसरी एक गोष्ट घडली, ती अधिक विचार करण्याजोगी आहे. वॉलआय हा शिकारी मासा. तो नाहींसा होतांच क्रॅपी नांवाचा लहान मासा अतोनात वाढला. क्रॅपी, ब्लूगिल, पिवळा पर्च अशा, तळण्याच्या तव्यांत अख्ख्या मावणाऱ्या माशांस तिकडे 'तव्याचे मासे' म्हणतात. हिवाळ्यांत तलाव गोठला म्हणजे बर्फास भोंक पाडून गळ टाकणारांची रीघ लागे. परंतु ते क्रॅपी मुख्यत्वें एकदोन चांगल्या सालांच्या विणीचे होते. वॉलआय परतले आणि तो सुकाळ ओसरला. मीं महसुली कारकुनींत पाहिलें आहे कीं, एका सोळा आणे सालावरून पुढील सालांचा अंदाज बांधणारा हमखास फसतो. हा पहिला धडा.

दुसरा धडा ब्लूगिलचा. याचा नर उथळ पाण्यांत खळगा करून त्यांत अंडीं व पिलें राखतो. त्या दिवसांत मोठे नर सहज सांपडतात व गळवाले तेच वेंचून नेतात. मोठे गेले म्हणजे लहान नर अकालीं वयांत येतात आणि अंग धरण्याऐवजीं विणीस लागून खुरटे राहतात. मग तलावांत मासे पुष्कळ, पण खाण्याजोगा एकही नाहीं! म्हणून मिनेसोटांत या जातीची दरडोई २० ची मर्यादा निवडक तलावांवर १० किंवा ५ केली आहे.

ज्या गांवांनीं वा संस्थांनीं तळें अगर धरणाचें पाणी मासेमारीसाठीं घेतलें असेल, त्यांनीं तीन गोष्टी पाळाव्या. पावसाळ्यांत रोहू, कटला विणतात, तेव्हां जाळें टाकूं नये. बारीक भोकांचें जाळें वापरूं नये. दर खेपेस माशांची संख्या व वजन वहींत टिपावें. सरासरी वजन उतरूं लागतांच हात आवरावा. सांठा संपल्यावर केलेल्या बंदीस वर्षानुवर्षें लागतात. वेळीं आवरलेल्या हातास एक हंगाम पुरतो.