मेंदूतील गळू : निदान व उपचार

जिवाणूंमुळे मेंदूत पू साठणे हा विकार विरळा असला, तरी उपचारांतील विलंब प्राणघातक ठरू शकतो. वर्षानुवर्षे वाहणारा कान, सायनसचा दाह, किडलेला दात वा जन्मजात हृदयदोष ही त्याची प्रमुख कारणे होत. वाढती डोकेदुखी, उलट्या, झटके वा एका अंगातील अशक्तपणा दिसताच तपासणी करावी. सुमारे निम्म्या रुग्णांना ताप नसतो. त्याची वाट पाहू नये. एमआरआयने गळूचे स्थान कळते. कवटीस लहान छिद्र पाडून सुईने पू काढतात आणि त्यातील जिवाणू ओळखून योग्य प्रतिजैविक ठरवितात. ते शिरेवाटे साधारणतः ६ ते ८ आठवडे द्यावे लागते. रुग्णास बरे वाटू लागले, तरी नातेवाइकांनी उपचार अर्धवट सोडू नयेत, ही नम्र विनंती.