पडद्यावर मराठी, कानावर भलतेच

प्रश्न : माझी दृष्टिहीन मुलगी बी.ए. करते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तिला इंग्रजी नीट वाचून दाखवतो, पण कॉलेजच्या मराठी नोट्स वाचताना नुसती इंग्रजी अक्षरे बडबडतो. नवा संगणक घ्यावा का?
– एक पालक, नागपूर

उत्तर : मुळीच घेऊ नका. संगणक ठीक आहे, नोट्स बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असाव्यात. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ दिसते खरे, पण फाइलमध्ये यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे एवढेच साठवलेले असते. डोळस माणसाला फरक कळत नाही. एनव्हीडीए मात्र साठवलेलेच वाचतो.

मूळ वर्ड फाइल मागून घ्या आणि ती मोफत कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदला. जोडाक्षरे तेवढी डोळस व्यक्तीकडून तपासून घ्या, तिथे चुका राहतात. मग एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये ईस्पीक या वाचक-आवाजाच्या प्रणालीतला मराठी आवाज निवडा. तो यांत्रिक वाटतो, पण सवयीने कान सरावतो. पाने स्कॅन केलेली असतील, तर आधी गूगल ड्राइव्हमधून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर, करावे लागेल.

खरे तर हे काम तुमच्या माथी येताच कामा नये. इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांना वापरता यावा, यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने, कलम 42 नुसार, सरकारवर टाकली आहे. त्याचा उल्लेख करून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या : यापुढे नोट्स, सूचना, सराव प्रश्नपत्रिका, सगळे युनिकोडमध्येच टाइप व्हावे. त्यासाठी कॉलेजला वेगळा खर्चही नाही.