शेजाऱ्याचे मोकाट कुत्रे : आधी बोलणे, मग लिहिणे



आजचा पाठ पुस्तकात नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहे. शेजाऱ्याने कुत्रे पाळलेत आणि तो ते दिवसभर मोकळे सोडतो. लहान मुलं घाबरतात, सायकलमागे कुत्रे धावतात. मग आपण काय करतो? एक तर मनातल्या मनात चिडतो, नाहीतर एक दिवस कडाक्याचं भांडतो. या दोन्हींच्या मधला एक रस्ता असतो. तो कसा धरायचा, हे आज आपण पाहणार आहोत. दहावीच्या उपयोजित लेखनात येणाऱ्या विनंती पत्राचा सरावही त्यातच होईल.

१) एक प्रसंग

लाखांदूर तालुका धानाचा. एका बाजूला चुलबंद, दुसऱ्या बाजूला वैनगंगा, मध्ये बांध्या आणि इटियाडोहच्या पाण्याचे नहर. या तालुक्यातल्या एका गावात मी शिकवत असतानाची ही गोष्ट आहे.

आठवीतली एक मुलगी रोज उशिरा येऊ लागली. रोवणीचे दिवस होते. मला वाटलं, घरी काम असेल. पहिल्या आठवड्यात समजावलं, दुसऱ्या आठवड्यात रागावलो, तिसऱ्या आठवड्यात वर्गाबाहेर उभं केलं. ती काहीच बोलली नाही. तिचे पाय मात्र रोज गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले असत. एका पावसाच्या दिवशी मी विचारलं, "अगं, डांबरी रस्ता असताना तू येतेस तरी कुठून?"

ती खाली मान घालून म्हणाली, "नहराच्या पाळीनं येतो, सर. रस्त्यावर कुत्रे राहतात. मले भेव लागते."

तिच्या घरासमोर राहणाऱ्या काकाजींचे दोन कुत्रे होते, मोती आणि शेरू. दोघेही दिवसभर रस्त्यावर. शेरूने एकदा तिची ओढणी धरून ओढली होती. तेव्हापासून ती भरलेल्या नहराच्या निसरड्या पाळीवरून शाळेत येत होती. घरी सांगितलं होतं का? हो, सांगितलं होतं. तिचे वडील मला म्हणाले, "कसं म्हणू, सर? चिखलणीले त्यायचाच ट्रॅक्टर येते."

बघा, प्रश्न कुत्र्याचा आणि अडचण ट्रॅक्टरची! शेजाऱ्याशी बोलणं इतकं जड का होतं, ते या एका वाक्यात आलं. शेती, लग्न, दुखणं, मयत, सगळीकडे शेजारी लागतो. म्हणून आपण गप्प बसतो, आणि आपल्या गप्प बसण्याची किंमत घरातलं सगळ्यांत लहान माणूस मोजतं.

२) आधी ओळखा : कुत्रा कोणाचा?

मोकाट दिसणारा प्रत्येक कुत्रा सारखा नसतो. उपाय करण्याआधी तो कोणाचा आहे, हे पाहायला हवं.

पाळीव पण मोकळा कुत्रा : याला मालक आहे. तो रस्त्यावर फिरतो कारण मालकाने दार उघडं ठेवलं आहे. म्हणून बोलायचं ते मालकाशी. कुत्र्यावर राग काढून काहीच बदलत नाही. त्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे.

भटका कुत्रा : याला मालक नाही. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेची. लाखांदूर शहरात नगरपंचायत, खेड्यात ग्रामपंचायत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्यांना पकडून नसबंदी व लसीकरण करतात आणि जिथून पकडले तिथेच सोडतात. रेबीज झालेल्या, तसा संशय असलेल्या किंवा आक्रमक कुत्र्यांना असे सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्थानके अशा जागांवरून उचललेले कुत्रे पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत, असेही म्हटले आहे.

आजचा आपला पाठ पहिल्या प्रकाराचा आहे.

३) बोलायला जाण्याआधी

एक छोटी वही करा. तारीख, वेळ, जागा आणि काय घडलं, एवढंच लिहा. "कुत्रे नेहमीच अंगावर येतात" असं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "कधी आले?" पण "सोमवारी सकाळी सव्वादहाला हातपंपाजवळ शेरूने ओढणी ओढली" असं म्हटलं की बोलणं मुद्द्यावर राहतं.

दुसरी गोष्ट, शेजाऱ्याच्या बाजूने एकदा विचार करा. तो कुत्रे मोकळे का सोडतो? आमच्या भागात रात्री रानडुकरं बांध्यांत शिरतात, माकडं कौलं फोडतात. कुत्रा राखणीला हवा असतो. शिवाय बांधलेला कुत्रा केकाटतो, मालकाला दया येते. हे कारण खोटं नाही. कुत्र्याला दिवसरात्र आखूड साखळीने बांधून ठेवणं आणि कधीच न फिरवणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० नुसार गुन्हाच आहे. सतत बांधलेला कुत्रा जास्त चिडका होतो, ते वेगळंच. म्हणून "कायम बांधून ठेवा" अशी मागणी करू नका. पाळता येईल एवढंच मागा : शाळेच्या जाण्यायेण्याच्या वेळी बांधणे, अंगणाला फाटक लावणे, फिरवताना पट्टा धरणे, दरवर्षी लस देणे.

४) बोलायचं कसं?

हे दोन नमुने वाचा.

पहिला : "तुमचे कुत्रे आवरा, नाहीतर मी बघून घेईन!"

दुसरा : "काकाजी, सकाळी शाळेच्या वेळी मोती-शेरू रस्त्यावर असतात. पोरगी भिऊन नहराच्या पाळीनं जाते. साडेनऊ ते अकरा त्यांना बांधता येईल का?"

पहिल्या वाक्यात धमकी आहे, मागणी नाही. दुसऱ्यात तीन भाग आहेत : काय घडते, त्याचा परिणाम काय, आणि आपल्याला नेमके काय हवे. ही तीन पावलं लक्षात ठेवा. पुढे पत्रातही तीच येणार आहेत.

बोलायला एकट्याने किंवा घरातल्या मोठ्या माणसासोबत जा. चार लोक गोळा करून गेलं की मालकाला तो आपला अपमान वाटतो. कुत्रा नुकताच अंगावर आला असेल, तर त्या क्षणी भांडू नका. संध्याकाळी, डोकं शांत झाल्यावर जा.

समोरून एक उत्तर हमखास येतं : "काही करत नाही जी तो!" त्यावर वाद घालू नका. मालकाला तो कुत्रा खरोखरच काही करत नाही. म्हणायचं, "तुम्हाला काही करत नाही हे खरं, पण लेकराला ते कसं कळणार?" "भुंकणारे कुत्रे चावत नाहीत" ही म्हण माणसांच्या फुशारकीबद्दल आहे, ती कुत्र्यांना लावू नये. भुंकणारा कुत्राही चावतो.

५) लेखी विनंती

दोनतीनदा बोलूनही फरक पडला नाही, तर लिहा. लिहिलेलं शांतपणे पुन्हा वाचता येतं, आणि पुढे गरज पडली तर आपण आधी विनंती केली होती याचा पुरावा राहतो. पत्राची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. नमुना पाहा :

दिनांक : १८ ऑगस्ट

आदरणीय अ. ब. क. काका,
सादर नमस्कार.

विषय : शाळेच्या वेळेत कुत्रे बांधून ठेवण्याबाबत विनंती.

मी आपल्या समोरच्या घरात राहते व आठवीत शिकते. सकाळी दहाच्या सुमारास व सायंकाळी पाचच्या सुमारास आपले दोन्ही कुत्रे रस्त्यावर असतात. ४ ऑगस्ट रोजी त्यांतील एकाने माझी ओढणी धरून ओढली. भीतीमुळे मी नहराच्या पाळीवरून शाळेत जाते व मला रोज उशीर होतो.

आपण सकाळी साडेनऊ ते अकरा व सायंकाळी साडेचार ते सहा या वेळेत कुत्रे बांधून ठेवावेत, तसेच त्यांना रेबीजची लस दिली आहे का हे कळवावे, ही नम्र विनंती.

आपली,
य. र. ल.

या पत्रात कुठेही "तुम्ही बेजबाबदार आहात" असं लिहिलेलं नाही. तसं लिहायची गरजही नाही. तारीख आणि वेळ ते काम करतात.

६) तरीही ऐकलं नाही तर?

मग पायरीपायरीने वर जा.

पहिली पायरी गावातली. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. असे छोटे वाद गावातच मिटावेत, हाच तिचा हेतू. आपल्या गावच्या तंटामुक्त समितीकडे किंवा सरपंचांकडे वही आणि पत्राची प्रत घेऊन जा.

दुसरी पायरी, ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडे लेखी अर्ज. पोच घ्यायला विसरू नका.

तिसरी पायरी, पोलीस ठाणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ यासाठीच आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव असताना जो मालक जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी काळजी घेत नाही, त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २८९ होते. प्राणी खरोखरच धोकादायक असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो.

कायदा माहीत असावा, पण पहिल्याच भेटीत तो तोंडावर फेकू नये. ट्रॅक्टर उद्याही लागणार आहे!

७) हे मात्र कधीच करू नका

कुत्र्याला विष घालणे, दगड मारून लंगडा करणे, गरम पाणी टाकणे, पोत्यात घालून दूर नेऊन सोडणे. प्राण्याला मारणे, विष देणे किंवा अपंग करणे याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इथे तक्रार करणाराच आरोपी होतो. आणि विष घातलेला तुकडा कुत्र्याच्याच तोंडात जाईल याची हमी कोण देणार? त्याच रस्त्यावर कोंबड्या, मांजरं आणि लहान मुलंही फिरतात.

८) कुत्रा चावला तर

मित्रांनो, हा भाग दोनदा वाचा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पण वेळेवर उपचार घेतले तर हा रोग पूर्ण टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला ही लस देण्यास सुरुवात केली आणि तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, २८ सप्टेंबर, जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

काय करायचं?
- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे, बरं का.
- हळद, तिखट, चुना, रॉकेल काहीही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. दंडाच्या कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घेतात. जखम रक्ताळलेली असेल तर डॉक्टर जखमेत वेगळे इंजेक्शनही देतात.
- नुसता ओरखडा असला तरी दाखवा.
- कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस थांबवू नका.
- सगळ्यांत महत्त्वाचं : घरी सांगा. शेजाऱ्याशी भांडण होईल, आई रागावेल म्हणून लपवू नका. भांडण मिटतं. रेबीज मिटत नाही.

९) पुढे काय झालं?

त्या मुलीने ते पत्र वर्गातच लिहिलं. मी आणि तिचे वडील एका संध्याकाळी काकाजींकडे गेलो. पत्र द्यायची वेळच आली नाही. वडिलांनी चहा घेता घेता सगळं सांगितलं. नहराची पाळ ऐकल्यावर काकाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले कोणी सांगतलंच नाही जी."

दुसऱ्या दिवसापासून कुत्रे शाळेच्या वेळी गोठ्याजवळ बांधले जाऊ लागले. पुढच्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात दोघांनाही लस मिळाली. ट्रॅक्टरही ठरल्या दिवशी आला. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत पाहुण्यांच्या गडबडीत कुत्रे पुन्हा मोकळे दिसले. तेव्हा ती मुलगी स्वतःच दारातून म्हणाली, "काकाजी, शेरू सुटला आहे." काकाजी दोर घेऊन बाहेर आले.

मी तिच्या हजेरीतल्या तीन आठवड्यांच्या उशिराच्या खुणा खोडल्या आणि वर्गासमोर तिची माफी मागितली. "उशीर का झाला?" हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी नीट विचारायला हवा होता.

स्वाध्याय

१. पाळीव पण मोकळा कुत्रा आणि भटका कुत्रा यांच्याबाबत तक्रार कोणाकडे करावी? फरक स्पष्ट करा.
२. 'काय घडते – परिणाम – मागणी' ही तीन पावले वापरून रात्री मोठ्याने गाणी लावणाऱ्या शेजाऱ्याशी बोलायची तीन वाक्ये लिहा.
३. आपल्या ग्रामपंचायतीस किंवा नगरपंचायतीस शाळेजवळील भटक्या कुत्र्यांबाबत विनंती पत्र लिहा.
४. उपक्रम : आपल्या गल्लीतल्या पाळीव कुत्र्यांची यादी करा. कोणाला लस दिली आहे, कोणाला नाही, हे मालकांना नम्रपणे विचारून नोंदवा. विचारताना घरातलं मोठं माणूस सोबत घ्या.