राजाछाप रुपया पारखताना

जासई म्हटलं की बहुतेकांना १९८४ चं शेतकरी आंदोलन आणि दि. बा. पाटील आठवतात. आमच्या घरात मात्र गेलं वर्षभर जासईचा विषय निघाला की आजीचा पितळी डबा आठवतो. ती गेल्यावर त्यात चार रुपये निघाले. राणी व्हिक्टोरियाचा १८६२ चा, सातव्या एडवर्डचा १९०७ चा, पाचव्या जॉर्जचा १९१७ चा आणि सहाव्या जॉर्जचा १९४० चा. वारसही चार : बाबा, काका आणि दोन आत्या. तेवढ्यात काकांना कुणाचा तरी फोन आला. मोबाइलवरचा फोटो बघून म्हणे १८६२ च्या नाण्याचे तीन लाख देतो, फक्त आधी नोंदणीचे काही हजार भरा. झालं! चार भावंडांत कुणाला कुठलं नाणं यावर अबोला धरण्याची वेळ आली. घरात इंजिनीअर होऊ घातलेला मी एकटाच, म्हणून परीक्षा माझ्याकडे आली.

पहिली गोष्ट वजन. जुना चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, बाकी तांबं. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. पण १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८ ग्रॅम. दिसायला दोन्ही पांढरे आणि आकारही तोच! आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो. खरा चांदीचा रुपया चिकटत नाही. एवढं एक चुंबक खिशात असलं तरी निम्मे भ्रम दूर होतात.

नुसत्या वजनावर भागत नाही, कारण बनावट नाणंही वजनाला बरोबर करता येतं. इथे आपला आर्किमिडीज कामाला येतो. लॅबमधल्या ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा बीकर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढे घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. नाण्याला बुडबुडे चिकटलेले नकोत. आमचा १९१७ चा रुपया हवेत ११.५५ भरला, पाण्यात काट्याने १.१२ दाखवले. भागाकार १०.३१. अकरा-बारांश चांदीच्या मिश्रधातूची घनता हिशेबाने १०.३४ येते, तेव्हा पास! १९४० चा ११.६० आणि १.२२, म्हणजे ९.५१, निम्म्या चांदीला साजेसाच. जर्मन सिल्व्हरची नक्कल असती तर आकडा साडेआठच्या आसपास आला असता. शिसं मिसळून मात्र घनता जमवता येते. म्हणून आवाजही ऐकावा. बोटाच्या टोकावर नाणं तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की चांदी लांबवर वाजते, शिशाचं नाणं बद्द वाजतं. 'नाणं खणखणीत आहे' असं आपण उगाच म्हणत नाही. पण फरशीवर आपटून बघणं बंद करा, त्याने कडेला पोचा येतो.

भिंगाखाली सपाट भागावर बारीक खड्डे किंवा फुटकुळ्या दिसल्या, किंवा कडेच्या कंगोऱ्यांमधून जोडाची रेघ गेलेली दिसली, तर ते साच्यात ओतलेलं नाणं समजावं. खरी नाणी ठशाने दाबून पाडलेली असतात.

आता मुख्य भाग, म्हणजे प्रत. संग्राहकांच्या भाषेत गुड, व्हेरी गुड, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि सर्वात वर अनसर्क्युलेटेड. 'गुड' हा शब्द ऐकून खूश होऊ नका. गुड म्हणजे जेमतेम ओळखू येईल इतकं झिजलेलं. आपल्या व्हायवातल्या 'गुड' सारखंच! अमेरिकेत डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. तिच्यात गुड ४ वर, फाइन १२ वर आणि अनसर्क्युलेटेड ६० पासून पुढे येतं.

झीज बघायची ती उंचवट्यावर. राणीच्या रुपयावर कानावरचे केस आणि मुकुटातल्या मण्यांच्या ओळी आधी जातात. पाचव्या जॉर्जच्या नाण्यावर कान, मिशी आणि झग्यावरचा छोटा हत्ती. या हत्तीची गोष्ट मजेची आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ पासून सोंड नीट काढली. म्हणून १९११ चा रुपया महाग. सहाव्या जॉर्जचा १९३९ चाही तसाच दुर्मिळ. आमच्याकडे अर्थातच दोन्ही नव्हते.

१८६२ चं काय? हे साल छापलेली नाणी पुढे १८७४ पर्यंत पाडली जात होती, म्हणून ती भरपूर आहेत. खरं साल ठरवायला मागच्या बाजूचे बारीक ठिपके मोजतात. आमच्या नाण्यावर ते मोजताच येईनात. आजी दर लक्ष्मीपूजनाला रुपये चिंच आणि राखेने लख्ख करायची. धाकट्या आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग काय काळाकुट्ट रुपया देवापुढं ठेवायचा?" तिचंही बरोबरच आहे. पण त्या घासण्याने भिंगाखाली हजार ओरखडे दिसतात आणि टाकसाळीची झळाळी कायमची जाते. वर त्याच्या कडेला कधीतरी गळ्यातल्या माळेसाठी कडी झाळल्याची खूण होती. बाजारात त्याला चांदीचीच किंमत. आजीने जेवणाच्या पानाखाली जपलेला १९१७ चा मात्र व्हेरी फाइन निघाला.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, की जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. ते पत्रक काकांना वाचून दाखवलं आणि तीन लाख हवेत विरले. मग वाटणीत भांडायला काही उरलंच नाही. कडीचा रुपया थोरल्या आत्याने मागून घेतला. ती माळ तिने लहानपणी आजीच्या गळ्यात पाहिली होती.

नाणी ठेवायला मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नयेत, त्यांच्यामुळे हिरवा चिकट थर धरतो. साध्या कागदाची पाकिटं बरी. नाणं कडेने धरावं. आणि एम.एस.ला परदेशी जाणाऱ्यांनी आजीची आठवण म्हणून असा रुपया बॅगेत टाकू नये. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. १९१७ चा त्यात बसतो, १९४० चा अजून नाही.